रेंज फुल्ल, काड्या चारच्या चार, तरी आषाढीला नेट का मरतं? ५जीनं हे सुटणार का?

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. पंढरपूरला प्रदक्षिणा मार्गावर आमचं बुक्का, कुंकू, तुळशीमाळा, चुरमुरे-बत्ताशाचं दुकान आहे, वडलांपासूनचं. गेली काही वर्षं निम्म्याच्या वर गिऱ्हाईक स्कॅन करूनच पैसे देतं. वर्षभर काही अडचण नाही, पण आषाढीचे चार दिवस नेट असं मरतं की विचारू नका.

यंदाचंच सांगतो. दशमीच्या दुपारी एक आजी आल्या, परभणीकडच्या, बरोबर नातू. दोन माळा आणि बुक्क्याची पुडी, सत्तर रुपये झाले. पोरानं स्कॅन केलं आणि ते चक्र फिरायला लागलं ते फिरतंच राहिलं, मागं माणसांची रीघ, स्पीकर गप्प. शेवटी आजींनी पदराची गाठ सोडली आणि सुट्टे पैसे मोजून दिले. त्या गर्दीत पुढं गेल्या आणि वीस-पंचवीस मिनिटांनी आमचा स्पीकर बोलला, सत्तर रुपये जमा. आता कुठं शोधू त्या माउलीला? वहीत लिहून ठेवलेत ते पैसे अजून.

मला कळत नाही ते हे, की त्या वेळी फोनवर चारही काड्या होत्या आणि वर ५जी लिहिलेलं होतं. माझ्याकडं दोन कंपन्यांची सिमं आहेत, दोन्हीचं तेच. टॉवर दुकानातून दिसतो इतका जवळ. मग रेंज असून नेट नाही म्हणजे नेमकं काय होतं? टॉवर मोठा केला तर होईल का? आणि दुसरं म्हणजे घर गोपाळपूरला आहे, तिथं आषाढी नसताना पण हल्ली रोज रात्री आठ ते अकरा नेट रांगतं, पहाटे मात्र बाणासारखं. जाणकारांनी जरा समजेल असं सांगा.

आरएफवाला_पुणे

भीमाकाठ दादा, चौदा वर्षं हेच काम करतोय, गाडीत लॅपटॉप आणि चार फोन घेऊन रस्तोरस्ती नेटवर्क मोजायचं, त्यामुळं जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

काड्यांचा अर्थ एवढाच की टॉवरचा आवाज तुमच्या फोनपर्यंत किती जोरात येतोय. टॉवरला उसंत आहे का नाही ते काड्या सांगतच नाहीत. तुम्हाला दर्शनबारी रोजची आहे म्हणून तसंच सांगतो. कळस सगळ्यांना दिसतो, महाद्वारातून दिसतो, वाळवंटातून पण दिसतो, पण पायावर डोकं ठेवायला गाभाऱ्यात एका वेळी माणसं किती मावतात ते ठरलेलं आहे. काड्या म्हणजे कळस दिसणं. नेट चालणं म्हणजे नंबर लागणं.

आता आकड्यात बघू. एका टॉवरला शक्यतो तीन बाजूंना तीन सेक्टर असतात आणि एकेका सेक्टरची हवा, म्हणजे त्याला मिळालेल्या रेडिओ लहरींचा पट्टा, त्या बाजूच्या सगळ्या फोनांत वाटली जाते. ४जीचा २० मेगाहर्ट्झचा एक पट्टा घेतला तर कागदावर १५० एमबीपीएस (नेटचा वेग मोजायचं माप) दिसतात, पण जवळचे-लांबचे सगळे धरून सरासरी ३०-४० निघाली तरी चांगली म्हणायची. साधा व्हिडिओ एक-दोन एमबीपीएस खातो. म्हणजे पंचवीस-तीस माणसं एकदम व्हिडिओ बघायला लागली की तो पट्टा भरला. कंपनीकडं असे दोन-तीन पट्टे असतात, फोन ते एकत्र जोडूनही वापरतो, पण हिशोब तोच. २०११ च्या जनगणनेत पंढरपूरची वस्ती एक लाखाच्या आत होती आणि आषाढीला तिथं येतात दहा लाखाच्या वर. जे नेटवर्क लाखासाठी बांधलंय त्याच्यावर हे सगळं येऊन पडतं.

टॉवर मोठा करून काय होईल विचाराल तर उलट बिघडेल. उंच टॉवर म्हणजे लांबपर्यंत आवाज, म्हणजे जास्त माणसं एकाच सेक्टरमध्ये, शिवाय शेजारच्या टॉवरच्या हद्दीत घुसखोरी. दोन दिंड्या अगदी खेटून चालल्या आणि दोन्हीकडं वेगवेगळे अभंग चालू असले की मधल्या माणसाला एकही धड ऐकू येत नाही, तसं होतं. म्हणून गर्दीच्या ठिकाणी आम्ही अँटेना खाली झुकवतो, ताकद कमी करतो आणि छोटे छोटे जास्त टॉवर लावतो. एकच वारंवारिता मग चार गल्ल्यांत चार वेळा वापरता येते. क्षमता वाढवायचा हा सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे.

दुसरा मार्ग म्हणजे रुंद पट्टा. २जीचा एक पट्टा २०० किलोहर्ट्झचा होता, ३जीचा ५ मेगाहर्ट्झ, ४जीचा २० पर्यंत आणि ५जीत ३.३ गीगाहर्ट्झच्या बँडमध्ये एका दमात १०० मेगाहर्ट्झपर्यंत. २०२२ च्या लिलावात कंपन्यांनी मिळून जवळपास दीड लाख कोटी रुपये मोजले ते ह्या हवेसाठीच, कारण बाकी यंत्रं विकत मिळतात, हवा मर्यादित आहे.

तिसरं, आणि मला स्वतःला ह्यातलं सगळ्यात आवडणारं, म्हणजे मॅसिव्ह मायमो. टॉवरवर तो चौकोनी चपटा डबा दिसतो ना, त्याच्या आत ६४ किंवा ३२ छोटे ट्रान्समीटर-रिसीव्हर असतात. जुना अँटेना म्हणजे सगळ्या गल्लीवर एकच दिवा. हा डबा प्रत्येक फोनच्या दिशेनं वेगळा झोत टाकतो, आणि दोन फोन वेगवेगळ्या दिशेला असतील तर एकाच क्षणी एकाच वारंवारितेवर दोघांनाही डाटा देतो. रुंद पट्टा आणि हे झोत मिळून त्याच टॉवरवर ४जीच्या एका पट्ट्याच्या ढोबळमानानं आठ-दहापट माल जातो.

मग तरी वर ५जी दिसत असताना का अडकलं? त्याचं कारण असं की भारतात दोन प्रकारचं ५जी आलं. एकात सगळं स्वतंत्र. दुसऱ्यात फोन आधी ४जीचा हात धरतो आणि मग ५जी जोडून घेतो. ह्या दुसऱ्या प्रकारात ४जीच गर्दीनं तुंबलं की ५जी रिकामं असलं तरी दार उघडत नाही. आणि वरचं ५जी हे अक्षर कित्येकदा इथं ५जी आहे एवढंच सांगतं, तुम्ही त्यावर आहात असं नाही. त्यात ३.३ गीगाहर्ट्झच्या लहरींना माणसांची शरीरंही अडवतात, भरगच्च गर्दीत खांद्याच्या खाली धरलेल्या फोनला सिग्नल चांगलाच कमी मिळतो.

गोपाळपूरच्या रात्रीचं कारण बहुतेक वेगळं आहे, जेवून येऊन लिहितो.

खांबावरचा_माणूस

आरएफवाले साहेब हवेचं सांगतायत ते बरोबर, मी जमिनीवरचं सांगतो. सांगली-मिरज-जत पट्ट्यात टॉवर मेंटेनन्स करतो, वर चढणारा माणूस. लोकांना वाटतं टॉवर म्हणजे सगळं वायरलेस. वायरलेस फक्त टॉवर ते तुमचा फोन. टॉवरच्या मागं माल यायला रस्ता पाहिजे का नको? तो रस्ता म्हणजे फायबर. आणि आपल्याकडं गावोगावच्या कितीतरी टॉवरला अजून फायबर पोचलेलंच नाही, तिथं ती ढोलकीच्या तोंडासारखी गोल डिश असते ती एका टॉवरवरून दुसऱ्यावर माल फेकते. जुन्या डिशमधून काहीशे एमबीपीएस जातात. वर नवीन ५जीचा डबा बसवला आणि मागं तीच डिश ठेवली तर कसं व्हायचं, पाटाला पाणी सोडलं आणि चारीच अरुंद. ८० गीगाहर्ट्झची नवी डिश येते ती दोन-चार जीबीपीएस, म्हणजे दोन-चार हजार एमबीपीएस, ओढते, पण दोन-तीन किलोमीटरच्या आतच, आणि मोठा पाऊस आला की तिचा जीव जातो. आषाढी पावसात येते हे ध्यानात घ्या.

फायबर टाकलं तरी सुख नाही. मागच्या मे महिन्यात एका रस्त्याच्या कामात जेसीबीनं एकाच आठवड्यात तीनदा केबल तोडली, रात्री अकराला चिखलात बसून, मोबाईलच्या बॅटरीत, केसाएवढी काच जोडायची, एकेका केबलमध्ये चोवीस-अठ्ठेचाळीस धागे असतात. जोडून वर येतो तर दुसरीकडं तुटलेली. खोदायच्या आधी कळवायला सरकारनं २०२३ मध्ये कॉल बिफोर यू डिग नावाचं ॲप काढलंय, कुणी ठेकेदार मित्र असेल तर त्याला हात जोडून सांगा की ते वापर. बाराशे घरांचं नेट जातं हो एका फटक्यात.

आणि लाईट. हे ५जीचे डबे लाईट भरपूर खातात. जुन्या बॅटऱ्या ४जीवर चार तास काढायच्या, तिथं आता दीड-दोन तासात माना टाकतात. एकेका डब्याचं वजन तीस-चाळीस किलो, जुन्या टॉवरवर तीन चढवायचे तर आधी टॉवर तेवढा भार घेतो का ते बघावं लागतं. नवीन डबे हलके निघालेत, पण सगळीकडं कुठं.

आरएफवाला_पुणे

खांबावरच्या भाऊंचा शब्द न् शब्द खरा आहे. आम्ही ऑफिसात बसून पॅरामीटर बदलत राहतो आणि खरा आजार मागच्या डिशमध्ये असतो हे मी स्वतः दहादा बघितलंय.

आता गोपाळपूर. दादा, तुमच्या गल्लीत हल्ली घरांच्या छतावर किंवा गॅलरीत पांढरे डबे लागलेत का बघा. २०२३ पासून ५जीवरून घरगुती ब्रॉडबँड द्यायला सुरुवात झाली, वायर नको, डबा लावला की वायफाय चालू. सोय मोठी आहे, जिथं फायबर यायला वर्षं लागली असती तिथं टीव्ही चालतोय. पण त्या घरातला माल येतो त्याच टॉवरवरून. फोनवर माणूस दिवसाला एक-दोन जीबी वापरतो, घरातला टीव्ही एका संध्याकाळी तेवढं खातो. म्हणजे आठ ते अकरा मालिका, क्रिकेट, पोरांचे गेम, सगळं एकदम. स्वतंत्र ५जीमध्ये एक सोय आहे, एकाच नेटवर्कचे आत कप्पे करता येतात, घरच्या डब्यांना वेगळा कप्पा, फोनांना वेगळा, म्हणजे एकानं दुसऱ्याचं खाऊ नये. पण कप्पे केले म्हणून हवा वाढत नाही, वाटणी नीट होते इतकंच.

अजून एक, तुमचं घर टॉवरपासून लांब असेल तर. उजनीच्या कालव्याचं बघा, आवर्तन सुटलं की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी पोचवायला कालवा किती वेळ चालवावा लागतो, वाटेत मुरतं, झिरपतं. इथंही तसंच. टॉवरजवळच्या फोनला हवेच्या एका ठोक्यात डाटाचे ८ बिट, म्हणजे ८ कण, देता येतात, हद्दीवरच्या फोनला आवाज इतका क्षीण पोचतो की दोनच बिट सुरक्षित जातात. तोच व्हिडिओ दाखवायला टेलच्या माणसामागं टॉवरचा चौपट वेळ जातो. म्हणून हद्दीवर दहा फोन वाढले की सगळ्या गावाचं नेट हळू होतं. उपाय एकच, टेलला नवीन विहीर, म्हणजे मध्ये छोटा टॉवर.

भीमाकाठ

साहेब, उजनीचं उदाहरण दिलं आणि डोक्यात लख्ख पडलं. आमचं शेत टेललाच आहे, त्यामुळं मला ते वेगळं सांगायला नको. आणि हो, आमच्या गल्लीतच पाच डबे लागलेत छतावर, मोजून आलो.

पण एक राहिलं. व्हिडिओ अडकतो ते समजलं, पण स्कॅनचे पैसे म्हणजे केवढासा डाटा? चिमूटभर. त्याला का अडवतं?

आरएफवाला_पुणे

फार चांगला प्रश्न विचारलात, आमच्या धंद्यातले लोक पण इथं फसतात.

डाटा चिमूटभरच असतो, पण तो पाठवायच्या आधी तुमच्या फोनला टॉवरला हाक मारावी लागते, मला बोलायचंय म्हणून. ह्या हाकांचे एका सेलमध्ये, म्हणजे एका सेक्टरच्या एका पट्ट्यात, ६४ प्रकार ठरलेले आहेत, त्यातले काही राखीव. फोन त्यातली एक डोळे झाकून उचलतो. दोन फोननी एकाच क्षणी तीच हाक मारली की टॉवरला दोघांचंही कळत नाही, दोघंही थांबतात आणि थोड्या वेळानं परत ओरडतात. आता वाळवंटापासून महाद्वारापर्यंत लाखभर फोन, त्यातले निम्मे खिशात असताना पण व्हॉट्सॲप, मेल, हवामान असलं काहीबाही आपोआप मागत असतात. हाका हाकांवर आदळतात. तुमचे सत्तर रुपये रस्त्यात अडकलेच नसतील, ते घरातून बाहेरच पडले नसतील. त्यात ह्या व्यवहाराला बँकांकडं जाऊन यायचं असतं, मधला एक निरोप हुकला की तो लटकतो आणि नंतर कधीतरी पुरा होतो.

दुसरं म्हणजे वारीत माणूस घेत कमी असतो आणि पाठवत जास्त असतो. रिंगण, चंद्रभागेची आरती, कळसाचं दर्शन, सगळे घरच्यांना व्हिडिओ कॉल लावून दाखवत असतात, आणि ते दाखवायलाच पाहिजे, घरी अंथरुणाला खिळलेली माणसं त्या एका कॉलची वाट बघत असतात. पण आपलं नेटवर्क बांधलंय डाउनलोडच्या हिशोबानं. ३.३ गीगाहर्ट्झवर येणं आणि जाणं एकाच पट्ट्यावर आळीपाळीनं चालतं आणि जाण्याच्या वाट्याला साधारण चार-पाच हिस्स्यांतला एकच हिस्सा येतो. टॉवर शेकडो वॅटनं बोलतो, तुमचा फोन साधारण ०.२ वॅटनं. टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं टॉवरला नाही. म्हणून काड्या फुल्ल आणि फोटो जाईना.

यात्रेसाठी कंपन्या चाकावरचे टॉवर आणतात, ट्रकवर घडीचा खांब, बाजूला जनरेटर. पण त्याला पण मागून फायबर लागतंच, नाहीतर नुसता खांब उभा. प्रयागराजला २०२५ च्या कुंभात जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्या कंपन्यांनी असे टॉवर आणि खांबावरचे छोटे सेल लावले होते. २०२७ ला नाशिक-त्र्यंबकेश्वरला कुंभ आहे, तिथल्या मंडळींनी नळ-रस्त्यांबरोबर फायबरची पण मागणी आत्ताच लावून धरली पाहिजे, ऐनवेळी खणता येत नाही.

वैशाली_डोंबिवली

मी तांत्रिक माणूस नाही पण अनुभव सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचा टॉवर सभेत ठराव करून काढायला लावला, रेडिएशनची भीती. मी पण हात वर केला होता, घरात लहान मूल होतं, आई म्हणून वाटलं नको. महिन्याभरात घरात कॉल तुटायला लागले, मुलाच्या ऑनलाइन क्लासला मी त्याला जिन्यात बसवायचे. मग एका ओळखीच्या दादांनी समजावलं की टॉवर लांब गेला की फोनला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त जोर लावावा लागतो, आणि फोन तर आपण कानाला लावतो. भारतात टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा २०१२ ला आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली होती हे पण तेव्हाच कळलं. आधी कळलं असतं तर मी हात वर केला नसता. आता परत टॉवर घ्यायचा म्हणून मीच सभेत विषय मांडलाय, अजून निर्णय नाही. ज्यांच्या सोसायटीत असा ठराव येईल त्यांनी आधी मोजणी करून घ्या आणि मग ठरवा, एवढीच कळकळीची विनंती.

नाथाघरचा

तुम्ही सगळे गर्दीचं बोलताय, आमच्याकडं सिंधुदुर्गात घाटाच्या पायथ्याला रडणं उलटं आहे. माणसं मूठभर, डोंगर फार. आईला बरं नसलं की डॉक्टरना फोन लावायला वरच्या सड्यावर जायचं, पावसात सुद्धा. ते ३.३ गीगाहर्ट्झ आमच्या काय कामाचं, एक टेकडी आडवी आली की संपलं. इथं ७०० मेगाहर्ट्झचाच पट्टा पाहिजे, तो लांब जातो, भिंतीतून पण आत येतो. २७ सप्टेंबर २०२५ ला बीएसएनएलच्या देशी ४जीचं उद्घाटन झालं, ९७,५०० टॉवर, टीसीएस, तेजस आणि सी-डॉट ह्यांनी मिळून आपल्याकडं बनवलेलं. मला त्याचा खरंच अभिमान वाटला. आमच्या वाडीचा नंबर कधी लागतो ते बघायचं.

आरएफवाला_पुणे

नाथाघरचा भाऊ, ७०० बद्दल अगदी बरोबर. फक्त त्याचा पट्टा अरुंद असतो, १० मेगाहर्ट्झ वगैरे, त्यामुळं तुमच्या वाडीला उत्तम आणि पंढरपूरच्या चौकात अपुरा. म्हणूनच एकच जादूचा बँड असं काही नसतं, खालचा लांब पोचायला, मधला पोटभर वाहायला आणि २६ गीगाहर्ट्झचा वरचा म्हणजे एखाद्या मैदानापुरता, तो तर काचेच्या तावदानापाशीच दमतो. वाळवंटासारख्या मोकळ्या, चार दिवस तुफान भरणाऱ्या जागेला मात्र तो वरचा बँड चांगला लागू पडेल असं माझं प्रामाणिक मत आहे. तो झेलणारे फोन लोकांच्या हातात यायला पाहिजेत आधी.

भीमाकाठ दादा, तुमच्या हातातलं सांगतो. दुकानाला वायरचं फायबर कनेक्शन घ्या, तुमच्या भागात मिळतं. तुमचा पैशाचा स्पीकर आत सिमवर चालतो, त्याला पण तीच हाकांची मारामारी. काही मॉडेलमध्ये वायफाय लावायची सोय असते, मागच्या बाजूचं बटण किंवा ॲपमधली सेटिंग बघा. आणि गिऱ्हाइकासाठी पाटीवर वायफायचा पासवर्ड लावून ठेवा, वेगळं गेस्ट नाव करून. त्यांचा फोन वायफायवर आला की टॉवरकडं जायचंच नाही. राउटरला छोटा यूपीएस जोडा, लाईट जाते तेव्हा.

भीमाकाठ

साहेब, उपकार झाले. स्पीकर उलटा करून बघितला, वायफायचं चिन्ह आहे, पाच वर्षं शेजारी बसून कधी बघितलं नव्हतं. केबलवाल्याला फोन केला, म्हणाला खांबावरून ओढायला दोन दिवस लागतील. शेजारच्या पेढ्यावाल्यांना आणि समोरच्या फोटोवाल्यांना पण विचारलं, तिघांत मिळून मोठं कनेक्शन घेतोय. कार्तिकीला चालतंय का ते इथंच येऊन लिहितो. वैशालीताई, तुमच्या सभेचं काय झालं ते पण कळवा.

खांबावरचा_माणूस

दादा, केबलवाल्याला सांगा वायर गल्लीच्या वरून जरा उंच घ्यायला. पालखीच्या पताका अडकतात, मागं एका गावात तसंच तुटलं होतं. चौदा फुटाच्या खाली ठेवू देऊ नका.